द्विस्तराची जाडी नेमकी किती? लिपिडांवरील प्रकीर्णन-प्रयोगाचे सविस्तर मार्गदर्शन

इंदूरमध्ये फ्लॅटच्या उंच इमारतीला सगळेजण ‘मल्टी’ म्हणतात. विजयनगरच्या रस्त्यावर उभे राहून कोणी एखाद्या मल्टीच्या एका मजल्याची उंची दहा फूट मोजली, तर तिथली स्लॅब दहा फूट जाड आहे असे तो म्हणणार नाही. पेशीपटले ज्या मेदरेणूंची बनतात त्या लिपिडांच्या बाबतीत मात्र अगदी याच जातीचे विधान मी एम.एस्सी.च्या प्रकल्प-अहवालांत अनेकदा वाचले आहे. विद्यार्थ्याने डीपीपीसी हे लिपिड पाण्यात कालवलेले असते, ५० अंश सेल्सिअसला क्ष-किरणांचे प्रकीर्णन, म्हणजे नमुन्यावरून होणारे विखुरणे, मोजलेले असते, पहिल्या शिखरावरून ६७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) हे अंतर काढलेले असते आणि खाली लिहिलेले असते की ‘द्विस्तराची जाडी ६७ अँगस्ट्रॉम आहे’. त्या ६७ पैकी द्विस्तर, म्हणजे लिपिडांचा दुहेरी थर, सुमारे ३९ अँगस्ट्रॉमचा आणि उरलेले २८ अँगस्ट्रॉम हे दोन द्विस्तरांमधले पाणी असते. शिखर मजल्याची उंची सांगते. स्लॅबची जाडी वेगळी काढावी लागते, आणि ती कशी काढायची हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

खंडवा रोडवरच्या विद्यापीठ-परिसरात, सिमरोलला किंवा शहरातल्या इतर महाविद्यालयांत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या दृष्टीने आपले गाव या विषयासाठी सोयीचे आहे, कारण १९८४ साली स्थापन झालेल्या आणि आज राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा अडीच अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचा सिंक्रोट्रॉन (तीव्र क्ष-किरण देणारे यंत्र) चालतो आणि त्यावर लघुकोन व विस्तृतकोन क्ष-किरण प्रकीर्णनाची सोय आहे. न्यूट्रॉनसाठी मात्र मुंबई गाठावी लागते. तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) ध्रुव ही १०० मेगावॅटची संशोधन-अणुभट्टी १९८५ पासून आहे आणि तिच्यावर लघुकोन न्यूट्रॉन प्रकीर्णन करता येते. या दोन्हींची गरज का पडते, हे पुढे आकड्यांनिशी स्पष्ट होईल.

प्रश्न आधी, बीमटाइम (किरणावरची पाळी) नंतर

लिपिडांचे दोन थर पाठीला पाठ लावून बसतात ही कल्पना १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतून काढलेल्या लिपिडांच्या क्षेत्रफळावरून मांडली, आणि १९७१ मध्ये विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रत्यक्ष पेशीपटलांत द्विस्तराची खूण दाखवली. तेव्हा द्विस्तर असतो हे सिद्ध करण्यासाठी आज कोणी मोजमाप करत नाही. आपल्याला त्या द्विस्तराबद्दल नेमके काय विचारायचे आहे, हे कागदावर एका वाक्यात लिहून काढणे ही या कामाची पहिली पायरी आहे, कारण नमुना कसा बनवायचा हे त्या वाक्यावरून ठरते.

लागोपाठच्या द्विस्तरांतले अंतर आणि त्यांच्यामधले पाणी जाणून घ्यायचे असेल, तर अनेक थर एकावर एक असलेली व्हेसिकल (लिपिडांच्या सूक्ष्म पिशव्या), म्हणजे लिपिडांच्या मल्टी, चालतात आणि क्ष-किरण पुरेसे होतात. एकट्या, मोकळ्या द्विस्तराची जाडी आणि एका लिपिड-रेणूच्या वाट्याला येणारे क्षेत्रफळ हवे असेल, तर एकाच थराची व्हेसिकल करावी लागतात आणि शक्यतो क्ष-किरण व न्यूट्रॉन दोन्ही वापरावे लागतात. लिपिडाच्या शेपट्या, म्हणजे रेणूच्या लांब हायड्रोकार्बन साखळ्या, कशा रचल्या आहेत एवढाच प्रश्न असेल, तर मोठ्या कोनाकडे पाहावे. कोलेस्टेरॉल, एखादे औषध किंवा पेप्टाइड द्विस्तरात किती खोलवर बसते हे शोधायचे असेल, तर सिलिकॉनच्या चकतीवर पसरलेले समांतर थर घेऊन, त्या रेणूतील हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) घालून न्यूट्रॉन विवर्तन करणे हा सर्वांत थेट मार्ग आहे. एकाच नमुन्यातून ही चारही उत्तरे काढण्याचा मोह टाळावा. त्यातून बहुधा एकही उत्तर धड मिळत नाही.

कॉन्ट्रास्टचे गणित स्वतः करावे

लिपिड पाण्यापेक्षा जेवढे वेगळे दिसते तेवढेच ते प्रकीर्णनात दिसते. क्ष-किरण इलेक्ट्रॉन पाहतात. पाण्यात दर घन अँगस्ट्रॉमला सुमारे ०.३३३ इलेक्ट्रॉन असतात. फॉस्फेट असलेल्या शीर्षभागात ही घनता ०.४५ च्या आसपास जाते, शेपट्यांच्या मिथिलीन भागात ती ०.३० च्या थोडी खाली येते, आणि अगदी मधोमध, जिथे दोन्ही बाजूंच्या शेपट्यांची टोके भेटतात, तिथे ती जवळजवळ ०.१७ पर्यंत घसरते.

आता एक छोटे गणित करून पाहावे. डीओपीसी या दुसऱ्या लिपिडाच्या एका रेणूत ४३४ इलेक्ट्रॉन असतात आणि ३० अंशांना त्याचे आकारमान सुमारे १३०३ घन अँगस्ट्रॉम असते. भागाकार ०.३३३ येतो, म्हणजे हुबेहूब पाण्याएवढा. डीपीपीसीचे ४०६ इलेक्ट्रॉन ५० अंशांवरच्या १२३२ घन अँगस्ट्रॉमने भागले तर ०.३३० येतात. सरासरीने पाहिले तर क्ष-किरणांना हे लिपिड पाण्यातून वेगळे काढताच येत नाही. त्यांना दिसतो तो फक्त शीर्षांचा उंचवटा आणि शेपट्यांची दरी. म्हणूनच एकथरी व्हेसिकलांच्या क्ष-किरण वक्रात अगदी लहान कोनांकडे तीव्रता खाली बसते आणि खरी माहिती पुढच्या मोठ्या फुगवट्यात असते. पहिल्यांदा हा वक्र पाहणाऱ्याला आपला नमुना बिघडला असे वाटते. तो बिघडलेला नसतो.

न्यूट्रॉनांची गोष्ट निराळी आहे. ते अणुकेंद्रकांवरून प्रकीर्ण होतात, आणि साध्या हायड्रोजनची प्रकीर्णन-लांबी उणे ३.७४ फेम्टोमीटर तर ड्यूटेरियमची अधिक ६.६७ फेम्टोमीटर आहे. कार्बनची ६.६५, ऑक्सिजनची ५.८०, नायट्रोजनची ९.३६ आणि फॉस्फरसची ५.१३ आहे. या आकड्यांनी डीपीपीसीच्या १३० अणूंची बेरीज केली तर केवळ २७.७ फेम्टोमीटर उरतात, कारण ८० हायड्रोजनांचे ऋण ४० कार्बनांचे धन गिळून टाकते. ही बेरीज आकारमानाने भागली की प्रकीर्णन-घनता मिळते; दर वर्ग अँगस्ट्रॉमला दहाचा उणे सहावा घात या एककात ती ०.२२ येते. याच एककात साधे पाणी उणे ०.५६ आणि जड पाणी सुमारे ६.४ आहे. लिपिड जड पाण्यात ठेवले तर ते काळ्या पाटीवरच्या खडूसारखे उठून दिसते, आणि सुमारे ११ टक्के जड पाणी असलेल्या मिश्रणात त्याची सरासरी पूर्ण लोपते. शेपट्यांमधले सगळे ६२ हायड्रोजन बदलून ड्यूटेरियम घातलेले डीपीपीसी घेतले, तर त्याची घनता ५.५ च्या जवळ जाते आणि लोपण्याची जागा ८७ टक्क्यांच्या आसपास सरकते. आपण वापरणार असलेल्या प्रत्येक लिपिडासाठी हे गणित वहीत स्वतः करावे. संगणकावर ते एका क्षणात होते हे खरे, परंतु कोणत्या मिश्रणात काय अदृश्य होणार याची हाताला सवय लागलेली असली तर प्रयोगाच्या वेळी चुका लगेच ध्यानात येतात.

नमुना तयार करणे

या प्रयोगातले यश निम्म्याहून अधिक नमुन्यात असते. कोरडे लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून गोल बुडाच्या काचपात्रात घ्यावे, नायट्रोजनच्या झोतात किंवा रोटरी इव्हॅपोरेटरवर त्याचा पातळ थर काढावा आणि तो किमान रात्रभर निर्वातात ठेवावा. रात्रभर म्हणजे खरोखर रात्रभर. उरलेला क्लोरोफॉर्म शेपट्यांमध्ये जाऊन बसतो, संक्रमण-तापमान (शेपट्या वितळण्याचे तापमान) खाली आणतो आणि जाडी बदलतो. तो वक्रात ओळखू येत नाही, म्हणून अधिक धोकादायक असतो. त्यानंतर लिपिडाच्या संक्रमण-तापमानापेक्षा जास्त तापमानाला नेलेले पाणी किंवा बफर घालून थर सुटेपर्यंत हलवावे. दर मिलिलिटरला १० ते २० मिलिग्रॅम लिपिड हे प्रमाण बहुतेक कामांना योग्य ठरते.

संक्रमण-तापमानाकडे इंदूरमध्ये विशेष लक्ष द्यावे लागते. शेपट्या गोठलेल्या जेल-अवस्थेतून वितळलेल्या द्रव-अवस्थेत डीएमपीसी सुमारे २४ अंशांना जाते, डीपीपीसी ४१ अंशांना, तर डीओपीसीचे संक्रमण शून्याच्या बरेच खाली असते. डिसेंबरात वातानुकूलन नसलेल्या आपल्या प्रयोगशाळेत बाकावर ठेवलेले डीएमपीसी जेल-अवस्थेत असते आणि मेमध्ये तेच द्रव-अवस्थेत असते. मेच्या दुपारी बंद गाडीत ठेवलेले डीपीपीसी तर केंद्रापर्यंतच्या प्रवासातच ४१ अंश ओलांडू शकते. त्यामुळे ‘खोलीच्या तापमानाला’ हा शब्दप्रयोग अहवालातून हद्दपार करावा आणि अंशांत आकडा लिहावा.

एकथरी व्हेसिकल हवी असतील, तर मिश्रण पाच वेळा गोठवून वितळवावे आणि मग ते एक्स्ट्रूडरमधून, ५० किंवा १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट पटलातून, संक्रमण-तापमानाच्या वर ठेवून दाबून काढावे. फेऱ्यांची संख्या विषम ठेवावी, म्हणजे २१ वगैरे, जेणेकरून शेवटी नमुना पलीकडच्या सिरिंजमध्ये जमेल आणि पहिल्या सिरिंजमधला न गाळलेला अंश त्यात मिसळणार नाही. १०० नॅनोमीटर छिद्रांतूनही काही व्हेसिकलांत दुसरा थर राहून जातो. हे टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे काही मोल टक्के ऋणभारित लिपिड, उदाहरणार्थ फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल, मिसळणे. त्यांच्या परस्पर-प्रतिकर्षणामुळे थर एकमेकांपासून दूर राहतात. अर्थात या मिश्रणामुळे आपण आता शुद्ध लिपिडाबद्दल बोलत नाही, ही नोंद अहवालात असावी. आकार आणि आकारांचा विस्तार गतिक प्रकाश-प्रकीर्णनावर तपासून घ्यावा; शक्य असल्यास मोजमापाच्या आधी आणि नंतर अशा दोन्ही वेळी तपासावा.

चकतीवरचे समांतर थर करताना लिपिड सेंद्रिय द्रावणात घेऊन स्वच्छ सिलिकॉनवर ओतावे आणि द्रावक उडेपर्यंत चकती सावकाश झुलवत राहावी. त्यांना ओलावा द्यायचा तो बाष्पातून, आणि आर्द्रता स्थिर ठेवण्यासाठी संपृक्त क्षारद्रावणे वापरावी: पोटॅशियम सल्फेटवर सुमारे ९७ टक्के, पोटॅशियम क्लोराइडवर ८४ टक्क्यांच्या आसपास आणि साध्या मिठावर ७५ टक्के. या वेगवेगळ्या आर्द्रतांचा उपयोग पुढे कलांची (फेजांची) चिन्हे ठरवण्यासाठी होतो.

जड पाण्याबद्दल एक सूचना. ते हवेतले साधे पाणी शोषते, आणि आपल्याकडच्या जुलैमध्ये ते भलतेच उत्साहाने शोषते. माझ्या एका विद्यार्थिनीने बाटलीचे झाकण जेवणाच्या सुट्टीत उघडे ठेवले होते. त्या दिवशी बनवलेल्या सर्व मिश्रणांचे प्रमाण आम्हाला घनता मोजून पुन्हा ठरवावे लागले. जड पाण्यातल्या बफरवर साध्या पीएचमीटरचे जे वाचन येते त्यात ०.४ मिळवले की ड्यूटेरियमच्या हिशेबातले आम्लता-मूल्य मिळते. शिवाय ड्यूटेरियमयुक्त शेपट्यांचे डीपीपीसी ४१ अंशांऐवजी सुमारे ३७ अंशांनाच वितळते, हे तापमान निवडताना विसरू नये.

मोजमाप

प्रकीर्णनात कोनाऐवजी क्यू ही राशी वापरतात: निम्म्या प्रकीर्णन-कोनाची ज्या (साइन) घेऊन तिला १२.५७ ने गुणायचे आणि अँगस्ट्रॉममधल्या तरंगलांबीने भागायचे. अंतर काढताना ६.२८३ भागिले क्यू. ६७ अँगस्ट्रॉमच्या पुनरावृत्तीचे पहिले शिखर अशा रीतीने क्यू बरोबर ०.०९४ ला येते. १२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांची तरंगलांबी १.०३ अँगस्ट्रॉम असते, तेव्हा हे शिखर मूळ किरणापासून ०.८८ अंशावर, म्हणजे एक मीटर दूर ठेवलेल्या शोधकावर केंद्रापासून सुमारे १५ मिलिमीटरवर पडते. प्रयोगशाळेतल्या तांब्याच्या नळीने ते १.३ अंशावर येते. शोधक किती दूर ठेवावा हे याच हिशेबाने ठरवावे. एकथरी व्हेसिकलांसाठी क्ष-किरणांनी ०.०३ पासून ०.६ पर्यंत, न्यूट्रॉनांनी ०.००५ पासून ०.३ पर्यंत, आणि शेपट्यांच्या रचनेसाठी १.२ ते १.७ हा पट्टा लागतो.

अक्षाचे अंशांकन सिल्व्हर बेहेनेटने करावे; त्याच्या थरांमधले अंतर ५८.३८ अँगस्ट्रॉम असून पहिले वलय ०.१०७६ ला येते, जे आपल्या शिखराच्या अगदी शेजारी आहे. तीव्रता निरपेक्ष एककात हवी असेल तर पाणीच प्रमाण म्हणून वापरता येते, कारण २० अंशांना त्याचे क्ष-किरण प्रकीर्णन दर सेंटिमीटरला ०.०१६३ असते. एरवी ग्लासी कार्बनचा तुकडा वापरावा.

पार्श्वभूमी वजा करणे हा या सर्व कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक भाग आहे, आणि मी त्यावर मुद्दाम अधिक वेळ घालवणार आहे. मोठ्या क्यूकडे लिपिडाचा संकेत पाण्याच्या संकेतापुढे अतिशय लहान होतो, त्यामुळे पार्श्वभूमीतली एक टक्क्याची चूकही वक्राचा आकार बदलून टाकते. काही वर्षांपूर्वी आम्ही बफर एका कॅपिलरीत आणि नमुना दुसऱ्या कॅपिलरीत भरून मोजला होता. दोन्ही कॅपिलरी एकाच डब्यातल्या, दोन्हींवर एकच व्यास छापलेला. वजाबाकीनंतर ०.४५ च्या पुढे तीव्रता ऋण निघाली. काचेची जाडी वेगळी होती, एवढेच कारण होते, आणि ते सापडेपर्यंत आमची पाळी संपली होती. तेव्हापासून नियम असा आहे की कॅपिलरी एकच, ती धारकात एकदाच बसवायची, तीत आधी बफर मोजायचा, मग न हलवता सुई घालून तो काढून नमुना भरायचा. प्रवाही कोषाची सोय असेल तर अधिक उत्तम. दोन्हींचे पारगमन (आरपार गेलेल्या किरणाचा अंश) मोजून तीव्रता त्याने भागावी, आणि वजाबाकी करताना बफरला लिपिडाने अडवलेल्या जागेएवढे कमी करावे. दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे दोन टक्के जागा. ही दोन टक्के सुधारणा विसरलेले प्रबंध मी पाहिले आहेत. न्यूट्रॉनांच्या बाबतीत हायड्रोजनचे असंबद्ध प्रकीर्णन हीच सपाट पार्श्वभूमी बनते. त्याचा काटछेद ८० बार्न असतो तर ड्यूटेरियमचा जेमतेम दोन, त्यामुळे साध्या पाण्यासाठी एक मिलिमीटरची आणि जड पाण्यासाठी दोन मिलिमीटरची क्वार्ट्झ कोशिका घेतात.

सिंक्रोट्रॉनचा किरण लिपिडांना जाळतो, हे शब्दशः घेतले तरी चालेल. पाण्यात तयार होणारी मूलके शेपट्यांवर, विशेषतः दुहेरी बंध असलेल्या शेपट्यांवर, हल्ला करतात. म्हणून एक दीर्घ उद्भासन (एक्स्पोजर) घेण्याऐवजी एक-एक सेकंदाची अनेक उद्भासने घ्यावी, ती एकावर एक ठेवून पाहावी, आणि जिथून वक्र सरकू लागतो तिथून पुढची टाकून द्यावी. नमुना किरणापुढे सरकवत राहिला तर आणखी चांगले. मोजमाप संपल्यावर लिपिडाची पातळ थर वर्णलेखन चाचणी करावी. एकाऐवजी दोन डाग दिसले तर त्या वक्रावर विश्वास ठेवू नये. तापमानाच्या बाबतीत धारकाच्या पडद्यावरील आकडा ग्राह्य धरू नये. शुद्ध डीपीपीसी सावकाश तापवत न्यावे आणि मोठ्या कोनातले अणकुचीदार शिखर कोणत्या वाचनाला विरघळते ते पाहावे. ते ४१ अंश नसेल तर चूक धारकाची आहे.

मुंबईला नेण्याचे नमुने मी सहसा अवंतिका एक्सप्रेसने, रात्रीच्या प्रवासात, कोरड्या थराच्या रूपात नायट्रोजन भरलेल्या बंद कुप्यांतून नेतो आणि पाणी व एक्स्ट्रूडर तिथे गेल्यावर वापरतो. तयार व्हेसिकल नेलीच तर थर्मासमध्ये न्यावी, पण बर्फाला टेकू देऊ नये. गोठली की ती फुटतात आणि पुन्हा मल्टी होऊन बसतात.

वक्र वाचणे

आधी मोठ्या कोनाकडे नजर टाकावी, कारण ते सर्वांत सोपे आहे. जेल-अवस्थेत १.५ च्या जवळ, म्हणजे ४.२ अँगस्ट्रॉमला, टोकदार शिखर येते. द्रव-अवस्थेत ते पसरट होऊन ४.५ अँगस्ट्रॉमच्या आसपास सरकते. २० अंशांच्या जेल डीपीपीसीत एका रेणूचे क्षेत्रफळ ४७.९ वर्ग अँगस्ट्रॉम आणि शेपट्यांचा कल सुमारे ३२ अंश आहे. निम्मे क्षेत्रफळ कलाच्या कोज्येने गुणले तर एका शेपटीचा आडवा छेद २०.३ वर्ग अँगस्ट्रॉम येतो, आणि ताठ हायड्रोकार्बन शेपटीला एवढीच जागा लागते. असे ताळे जिथे मिळतील तिथे करावे.

अनेकथरी नमुन्यात शिखरांचे क्यू १, २, ३ या प्रमाणात आहेत का हे पाहावे. असतील तर थर समांतर आहेत. द्रव-अवस्थेत सहसा दोन किंवा तीनच शिखरे दिसतात, कारण थर स्थिर नसून लहरत असतात आणि ही लहर वरच्या क्रमांची शिखरे पुसून टाकते. याचे गणित काये (Caillé) या शास्त्रज्ञाच्या सिद्धांतात आहे आणि १९९४ मध्ये झांग, सुटर व नेगल यांनी त्यात सुधारणा केली. पाय रुंदावलेल्या शिखरांना साधे गॉसियन बसवले तर वरच्या क्रमांची तीव्रता कमी मोजली जाते, म्हणून सुधारित सिद्धांतानेच फिट करावे. प्रत्येक शिखराच्या तीव्रतेचे वर्गमूळ काढून कोज्यांची बेरीज केली की इलेक्ट्रॉन घनतेचा आलेख मिळतो, परंतु वर्गमूळाचे चिन्ह अधिक की उणे हे मोजमाप सांगत नाही. ते ठरवण्यासाठी आर्द्रता बदलून थरांमधले अंतर बदलावे: पाणी कमी-जास्त झाले तरी द्विस्तर जवळजवळ तोच राहतो, त्यामुळे निरनिराळ्या अंतरांवरचे सर्व बिंदू एकाच अखंड वक्रावर बसले पाहिजेत, आणि बरोबर चिन्हे घेतली तरच ते बसतात. फॉस्फॅटिडिलकोलीनांसाठी पहिल्या चार क्रमांची चिन्हे बहुधा उणे, उणे, अधिक, उणे अशी येतात.

एकथरी नमुन्याच्या न्यूट्रॉन वक्रावरून पहिला अंदाज हाताने काढता येतो. तीव्रता क्यूच्या वर्गाने गुणून तिचा लॉगॅरिदम क्यूच्या वर्गासमोर मांडावा. क्यूच्या ०.०२ ते ०.०८ या पट्ट्यात सरळ रेषा मिळाली की तिच्या उतारातून आडवी परिभ्रमण-त्रिज्या मिळते आणि ती १२ च्या वर्गमूळाने, म्हणजे ३.४६ ने गुणली की जाडी. शीर्षांमध्ये जड पाणी शिरलेले असल्यामुळे त्यांची बाहेरची कड न्यूट्रॉनांना पुसट दिसते, म्हणून हा आकडा सुरुवात करण्यापुरताच आहे.

यानंतर प्रत्यक्ष प्रतिमान. सासव्ह्यूसारख्या मोफत प्रणालीत शीर्ष, शेपट्या आणि पुन्हा शीर्ष अशा स्लॅबांचे प्रतिमान तयार मिळते. विद्यार्थ्याने तिथून सुरुवात करावी. क्ष-किरण वक्र शीर्ष-ते-शीर्ष अंतर फार नेमके देतो, ५० अंशांच्या डीपीपीसीसाठी सुमारे ३८ अँगस्ट्रॉम, कारण फॉस्फेटचा उंचवटाच त्याला दिसतो. न्यूट्रॉन वक्र लिपिड आणि पाणी यांच्यातली सीमा देतो. या दुसऱ्या जाडीने लिपिडाच्या दुप्पट आकारमानाला भागले की क्षेत्रफळ मिळते: दोन वेळा १२३२ भागिले ३९.१ म्हणजे ६३. पाण्याचे रेणूही मोजता येतात. ६३ गुणिले ३३.५ (६७ चे निम्मे) मधून १२३२ वजा केले आणि बाकी ३० ने, म्हणजे पाण्याच्या एका रेणूच्या आकारमानाने, भागली की दर लिपिडामागे सुमारे २९ रेणू निघतात.

आकारमान घनतामापीने स्वतंत्रपणे मोजलेले असावे. ते फिटमध्ये मोकळे सोडू नये. जाडीत एक अँगस्ट्रॉम चुकला तर क्षेत्रफळ १.६ ने चुकते, आणि हाच मुद्दा दोन्ही किरण एकत्र वापरण्याच्या मुळाशी आहे. डीओपीसीचे क्षेत्रफळ केवळ क्ष-किरणांवरून बरीच वर्षे ७२ वर्ग अँगस्ट्रॉमच्या आसपास मानले जात होते. २००८ मध्ये कुचेर्का, नेगल आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरण आणि न्यूट्रॉन यांचे वक्र एकाच प्रतिमानात, रेणूच्या प्रत्येक गटाला त्याची जागा देऊन, एकदम बसवले तेव्हा ते ६७.४ निघाले. त्या आधीच्या आकड्यावर तपासलेली संगणकीय अनुकरणे मग पुन्हा तपासावी लागली.

फिटमध्ये किती चल सोडावेत याचा हिशेब साधा आहे. ५० अँगस्ट्रॉमच्या द्विस्तराचा वक्र ०.६ पर्यंत मोजला असेल तर ५० गुणिले ०.६ भागिले ३.१४, म्हणजे नऊ-दहा स्वतंत्र गोष्टींपुरतीच माहिती त्यात असते. पंधरा चल घेऊन रेषा बिंदूंवरून देखणी जाते, पण चलांची किंमत सुरुवातीच्या अंदाजावर ठरते. सुरुवात बदलून पाच-सहा वेळा फिट करावे, आणि दरवेळी वेगळे उत्तर आले तर चल कमी करावेत.

अहवालात लिपिडाचा स्रोत आणि शुद्धता, अंशांतले तापमान, जड पाण्याचे मोजलेले प्रमाण, पटलाच्या छिद्रांचा आकार, वापरलेले आकारमान, ठेवलेली आणि टाकलेली उद्भासने यांची नोंद असावी, आणि जाडी लिहिताना ती पुनरावृत्तीची, शीर्ष-ते-शीर्ष, की पाण्याच्या सीमेपर्यंतची, हे प्रत्येक आकड्यापुढे लिहावे. वजाबाकीपूर्वीचे वक्र, बफरचा आणि नमुन्याचा, दोन्ही परिशिष्टात जोडावेत.